आज्याचा घाम

आमच्या घरातले पुरुष जेवताना घामाने निथळतात. माझे सासरे निथळायचे, नवरा निथळतो, मुलगाही निथळतो. सुकटीचं कालवण असो की नुसता वरणभात, दुसऱ्या घासाला कपाळावर थेंब उभे राहतात आणि ताट संपेपर्यंत मानेवरून ओहोळ. म्हणून ताटाशेजारी पाण्याचा तांब्या तसा खांद्यावर पंचा, ही आमची रीत. मुलाच्या लग्नात पंगतीला मुरबाडकडची मंडळी नवरदेवाला बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती. व्याही शेवटी माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागले, "पोऱ्याला ताप तर नाय ना?" आमच्या म्हाताऱ्याने, म्हणजे नवऱ्याने, उत्तर म्हणून स्वतःचा पंचा पिळून दाखवला. तेव्हापासून दोन्ही घरांत ही थट्टा चालू आहे.

ही थट्टा आधीच सांगून ठेवते, कारण तिच्यापायी माझा नातू जाता जाता राहिला.

या गोष्टीला काही वर्षं झाली. मी तेव्हाच साठीच्या पुढे गेले होते, पण माझ्यातल्या तेव्हाच्या त्या बाईला मी तरुणच म्हणेन, कारण तिला सगळं कळत होतं. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. कुणाकडे बाळंतीण आली की न्हाऊ घालायला मला बोलावणं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं. कोमट खोबरेल, मग डाळीचं पीठ, मग कडत पाणी. अंग पुसून ओवा-वावडिंगाची धुरी, टाळूवर तेल, जुन्या लुगड्याच्या दुपट्यात घट्ट गुंडाळी. माझ्या हातचं पोर न्हाऊन झोपलं की दुपारच्या आधी डोळा उघडत नाही, अशी माझी ख्याती होती. ख्याती म्हणजे काय, मीच सांगत फिरायची.

सून बाळंतपणाला मुरबाडला माहेरी गेली आणि दीड महिन्याने बाळ घेऊन परत आली. बोलायला कमी आणि बघायला जास्त, अशी ही मुलगी. मी दारातच तुकडा ओवाळून टाकला आणि बाळ तिच्या हातातून काढून घेतलं. काढून घेतलं हाच शब्द खरा. तिने दिलं नव्हतं.

आठवडाभरात ती म्हणाली, "आई, याला पिताना घाम येतो."

मी गॅसची शेगडी पुसत होते. हसायलाच लागले. "येणारच! नवऱ्याला जेवताना बघितलं नाय का कधी?"

"पण हा दूध पितोय."

"मग? त्याचं जेवण तेच नाय का गो?"

मी उठून बाळाचं कपाळ बोटाने टिपलं आणि ते ओलं बोट ओटीवर म्हाताऱ्याला दाखवायला नेलं. जणू पहिला दात दिसला होता. म्हातारा मिशीत हसला. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेला तेव्हा सगळ्या डेअरीला सांगून आला.

माझी नणंद कसाऱ्याला असते. ती बाळ बघायला आली. मी सुनेला म्हटलं, "घे गो पाजायला, आत्याला घाम दाव."

सून म्हणाली, "आत्ताच प्यायलाय तो."

"थोडा घे. आत्या काय रोज येते?"

तिने घेतला. तो प्यायला लागला, थांबला, भराभर श्वास घेऊ लागला, पुन्हा तोंड लावलं, पुन्हा सोडलं, पाय पोटाशी ओढून कळवळून रडला. ओठांभोवती पांढरा पडला आणि कपाळावर थेंब फुटले. नणंद टाळी वाजवून म्हणाली, "अगो बाय! दादा बसलाय ताटावर!"

आम्ही दोघी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो होतो आणि हसत होतो. सून हसली नाही. तिने पदर ओढून बाळ झाकलं. मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून झाकतेय, शहाणी पोर. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या उतरून मी दृष्टही काढली. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा केवढं समाधान वाटलं होतं मला!

तो पांढरा पडायचा ते मलाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं नाही. पण मी म्हणायची, रंग उजळतोय, डाळीच्या पिठाचा गुण. शेजारणीला मी पीठ किती जाडसर दळायचं तेसुद्धा सांगितलं.

सून मधूनमधून बोलून बघायची. दर वेळी थोडं हळू आवाजात.

"आई, हा पिताना थकतो."

"पोर कशानं थकंल? भाताच्या लावणीला जातंय काय?"

"रडतो पण मधेच."

"वात धरलाय पोटात. वावडिंगाचं पाणी दे. आमी काय पोरं वाढवली नाय? याच्या बापाला बांधावर झोळीत टाकून मी पुरी लावणी केली."

खरं सांगायचं तर ती लावणी माझ्या थोरल्या जावेने केली होती. मी झोळीला झोका देत चिंचोके खात बसले होते. जाऊबाई हयात नाहीत म्हणून हे इतकी वर्षं खपलं.

आणि झोप. माझ्या पायांवर न्हाताना तो पहिल्यांदा जोरात रडायचा, मग बारीक, मग आवाजच नाही. दुपट्यात गुंडाळला की मान टाकून झोपायचा. इतकी पोरं न्हाऊ घातली, पण इतकं गाढ झोपणारं हेच, असं मी कौतुकाने सांगायची. पोर माझ्या हातात दमून गळून जात होतं आणि मी ते स्वतःच्या हातांचं प्रमाणपत्र म्हणून मिरवत होते.

एका सकाळी सून पिशवी भरून उभी राहिली. "आई, मुरबाडला जाऊन येते. माझ्या आईला बरं नाय."

मुलगा पडघ्याच्या गोदामात पहिल्या पाळीला गेलेला. म्हातारा शेतावर. मी म्हटलं, "जा की. पण याला न्हाऊ घालून ने. प्रवासात झोपून राहील."

तिने माझ्याकडे बघितलं. आजही ते बघणं मला नीट आठवतं. मग बाळ माझ्याकडे दिलं. मी घाईघाईत न्हाऊ घातलं, गुंडाळलं, तिच्या खांद्यावर ठेवलं. तो केव्हाच झोपला होता. "बघ," मी म्हटलं, "मुरबाडपतोर डोळा उघडायचा नाय."

नाहीच उघडला. किन्हवलीहून ती एसटीत बसली आणि सरळगाव, मुरबाड, सगळ्या रस्ताभर त्याच्या नाकाखाली बोट धरून बसली, श्वास लागतोय का बघत. हे मला तिच्या आईने नंतर सांगितलं. त्या बाईला काही झालेलं नव्हतं. चांगली ठणठणीत, स्टँडवर लेकीची वाट बघत उभी होती. दोघी तिथून थेट मुलांच्या डॉक्टरकडे गेल्या.

माझ्या सुनेला स्वतःचं पोर डॉक्टरकडे न्यायला माझ्याशी खोटं बोलावं लागलं. तिने मला विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं ते तिला पाठ होतं, मलाही आहे.

मुरबाडच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, पोट दाबून पाहिलं, छातीचा फोटो काढला. बाळाचं हृदय वाढलेलं होतं, श्वासाला धाप होती. त्याने जास्त काही न बोलता प्राणवायूची गाडी बोलावली. कल्याणला थांबून, तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. मुलाचा फोन आला तेव्हा मी शेजारणीकडे तिच्या नातवाची धुरी करत होते.

"आई, बाळाच्या हृदयाला काहीतरी झालंय. वाचेल का नाय सांगत नायत."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अरे, पण सकाळी तर झोपला होता चांगला!"

त्याने फोन ठेवला.

मुंबईतली डॉक्टरीण माझ्या धाकट्या भाचीएवढी. पायात पळायचे बूट, केस कसेतरी बांधलेले. तिने छातीवर यंत्र फिरवून दोष शोधला होता. आम्हा सगळ्यांना बसवून तिने कागदावर हृदय काढलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, म्हणाली, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी दोन बारीक नसा असतात, शुद्ध रक्ताच्या मोठ्या नळीतून निघणाऱ्या. याची डावी नस चुकीच्या नळीला जोडलेली आहे, फुप्फुसाकडे जाणाऱ्या. पोटात असताना आणि पहिले काही आठवडे ते निभावतं. मग त्या नळीतला दाब उतरतो. नसेत येणारं रक्त हृदयाला मिळायच्या ऐवजी उलटं त्या नळीत निघून जातं. हृदय उपाशी राहतं.

मला ते लगेच कळलं. म्हटलं, "म्हणजे आमचा शहापूर तालुका. धरणं आमच्याकडं, पाणी सगळं मुंबईला, आणि आमी उन्हाळ्यात टँकरच्या वाटंकडं बघतोय."

मुलाने माझ्याकडे डोळे वटारले. डॉक्टरीण मात्र म्हणाली, "अगदी तसंच, आजी." मग विचारलं, "शहापूर म्हणजे माहुली गडाजवळचं ना?"

"हो."

"तुम्ही एका दमात तो गड चढलात तर छातीचं काय होईल? एवढ्या बाळाचं सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे दूध पिणं. दर वेळी पिताना हा गड चढत होता."

मी विचारलं, "मग तो मधेच रडायचा, ते पोट दुखत नव्हतं?"

"नाही आजी. छाती दुखत असणार. मोठ्या माणसाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा दुखते तशी."

"आणि घाम?"

"घामही त्याचाच."

म्हातारा माझ्याशेजारी बसला होता. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, घडी घातली आणि पिशवीत कोंबला. पुढे कितीतरी दिवस तो पंचा त्याने बाहेर काढला नाही. सदऱ्याच्या बाहीला कपाळ पुसायचा.

हा जन्मतःचा दोष आहे, यात कुणाची चूक नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. खोलीतल्या बाकी सगळ्यांना ते वाक्य पुरलं. मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"वेळेत आणलंत, ते महत्त्वाचं."

मी आणलं नव्हतं. सुनेने खाली बघितलं. तेव्हा तरी ती माझं नाव घेईल असं वाटलं होतं.

ऑपरेशन म्हणजे ती नस चुकीच्या जागेवरून सोडवून योग्य नळीला शिवायची. त्यासाठी एवढंसं हृदय थांबवून ठेवायचं आणि मग पुन्हा चालू करायचं. चालू होईल ना, असं मुलाने विचारलं. ती म्हणाली, आम्ही त्याच तयारीने आत जातो, पण स्नायू बराच दमलाय, किती सावरेल ते आज सांगता येणार नाही.

बाळाला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. मुलगा आणि म्हातारा खाली रक्ताच्या पिशवीचं बघायला गेले आणि सून आणि मी दोघीच उरलो. समोर एक पाणी प्यायचं यंत्र होतं, ते मधूनमधून गुरगुरायचं.

मी म्हटलं, "मला काहीतरी बोल गो."

"काय बोलू?"

"शिव्या घाल. गपचूप नको बसू."

तिने माझ्या हातात डबा दिला. तिच्या आईने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. म्हणाली, "तुमी खाऊन घ्या. तुमच्यावर रागवायला बसले तर याच्याकडं कोण बघंल? घरी गेल्यावर रागावते."

"नक्की?"

"नक्की."

मी भाकरी तोडली. तुकडा हातातच धरून बसले. ती मात्र शांतपणे दारावरच्या लाल दिव्याकडे बघत बसली. मला वाटलं, सगळं गाव मला शहाणी म्हणतं, आणि ही गप्प बसते म्हणून मी हिला भोळी समजत आले. बघत होती ती एकटीच. मी नुसती दाखवत होते.

त्या बाकावर देवाला काय काय बोलले ते सांगत नाही, कारण नवस फेडायचा राहिला तर तुम्ही आठवण करून द्याल. एवढंच सांगते, मी त्याला म्हटलं की पोर जगू दे, मी पुन्हा कुणाच्या बाळाला हात लावणार नाही. हा नवस मी मोडला, ते पुढे येईल.

दिवस मावळताना डॉक्टरीण बाहेर आली. टोपीखाली केस घामाने चिकटलेले. नस जोडली आहे, हृदय चालू झालं आहे, म्हणाली, पण श्वास अजून यंत्रच देतंय. पुढचे दिवस तसेच टांगलेले. एका वेळी एकालाच आत सोडत. मी दर वेळी सुनेला पुढे करायची. तिला वाटे, सासू मोठं मन करतेय. मला भीती वाटत होती. त्या नळ्यांच्या जाळ्यात त्याने डोळे उघडून मला ओळखलं तर?

मग एकदा यंत्र निघालं. नळीतून दूध सुरू झालं आणि नंतर एक दिवस नर्स म्हणाली, आज अंगावर घेऊन बघा. सून पडद्याआड बसली. मी पडद्याबाहेर. आतून चुटचुट आवाज येत होता. मी कान लावून होते, थांबतोय का, रडतोय का. थांबला नाही. सुनेने पडदा जरासा बाजूला केला. "आई, हात लावा."

"नको गो."

"लावा म्हणते ना. कपाळाला."

मी लावला. कोरडं होतं. कोमट आणि अगदी कोरडं. मी तिथेच खाली बसले. नर्स धावत आली, तिला वाटलं मलाच काहीतरी झालं.

घरी आलो तेव्हा छातीच्या मधोमध उभी शिवण. बगलेत धरून उचलायचं नाही, पालथं घालायचं नाही, तेल चोळायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, असं सरळ उचलायचं. इतकी पोरं पायांवर घेतलेली मी, मला बाळ उचलायला सुनेने शिकवलं. आधी उशीवर सराव करायला लावला. मी उशी उचलली तर म्हणते, "मान लोंबली बघा." उशीला मान कुठे असते? पण मी पुन्हा उचलली.

ओल्या फडक्याने त्याचं अंग ती पुसायची. मी दारात उभी राहून बघायची. पुढे जखम भरली, औषधं कमी होत गेली, दर तपासणीला हृदय थोडं थोडं आकसून आपल्या मापावर येत गेलं. एके दिवशी तिने न्हाणीत पाट मांडला आणि मला हाक मारली. मी गेले नाही. म्हटलं, माझे गुडघे दुखतात. दुखत नव्हते.

गावातल्या बाया मात्र ऐकेनात. "तू नाय तर कोण घालणार?" म्हणून पोरं दारात आणून ठेवायच्या. मग जायला लागले. नवस तिथे मोडला. पण आता मी आधी म्हणते, पाज बघू माझ्यासमोर. शेवटपर्यंत बसून बघते. कपाळ बघते, ओठ बघते, श्वास बघते. जरा खटकलं की पाणी तापवायचं बंद, आधी डॉक्टर. बाया हसतात. "म्हातारी डॉक्टरीण झाली," म्हणतात. हसू देत. दुपारपर्यंत झोपण्याची गोष्ट मी कुणाला सांगत नाही. उलट पोर न्हाऊन झालं की फार लवकर झोपलं तर माझाच जीव वर येतो.

सून घरी गेल्यावर रागावणार होती. रागावली नाही. मी आठवण करून द्यायची, "ते राहिलंय बरं का." ती म्हणायची, "हो, लक्षात हाय," आणि कपडे वाळत घालायला निघून जायची. शिव्या मिळाल्या असत्या तर हिशोब मिटला असता. हे असं उधार ठेवणं फार वाईट.

नातू आता शाळेत जातो. शिवणीची एक फिकट रेघ राहिली आहे. बिबट्याने ओरबाडलं असं पोरांना सांगायचं, हे मीच त्याला शिकवलं. बाईंनी घरी निरोप पाठवला. सुनेने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

मागच्या आठवड्यात तो आज्याच्या शेजारी जेवायला बसला. बोंबलाचं कालवण होतं, झणझणीत. म्हाताऱ्याला नातवाशी बरोबरी करायची खोड. "खातोस काय रे?" "खातो." दोघे भाकरी कुस्करून ओरपू लागले. मी भाकरी थापत होते. मान वर केली तर पोराच्या कपाळावर थेंब.

माझा हात परातीत तसाच राहिला. म्हाताऱ्यानेही बघितलं आणि त्याचा घास हातात थांबला. सून पाणी घेऊन येत होती, तिलाही दिसलं. मागच्याच महिन्यात तपासणी झालेली, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलेलं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तरी तिचा हात आधी त्याच्या सदऱ्याखाली छातीवर गेला. तिथे तिने तो जरा वेळ ठेवला. पोर वैतागून म्हणालं, "आई, जेवू दे ना! तिखट हाय म्हणून घाम येतोय."

तिने हात काढला. मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, आवाजात मात्र काहीतरी होतं, त्याला राग म्हणावं की थट्टा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काय आई? आता नाय सांगत कुणाला? आज्याचा घाम लागला म्हणून?"

मी पिठाचे हात तसेच घेऊन उठले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर नवा पंचा होता, मुलाने शहापूरहून आणलेला. तो ओढून घेतला आणि पोराचं कपाळ पुसायला गेले, तर पीठच फासलं गेलं.

"आजी!"

थेंब पुन्हा फुटले. सून तांब्या ठेवून त्याच्यासमोर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. त्याचं ताट चाटूनपुसून होईपर्यंत आम्ही दोघी त्याच्या कपाळाकडे बघत राहिलो.